झोपेचा रकाना

चिमणीनं माझ्या चष्म्याची काडी मोडली नसती, तर मी त्या दुकानाची पायरी चढलेच नसते.

ही लेक कडेवर, मोडका चष्मा एका हातानं नाकावर धरलेला... अशा अवतारात मी आत गेले आणि काडीचं राहिलं बाजूला, भलतंच विचारून बसले. "रोज दुपारी डोकं दुखतं. काही मोठं तर नसेल ना?"

चष्मेवाल्यानं वर पाहिलं. बारीक अक्षर वाचावं तसं, सावकाश.

डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं होतं. पण मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. चूक कुठेतरी लपलेली असणारच, ही माझी खोड. त्यात चिमणीचे बाबा वेगळे झालेले. तिला माझ्याशिवाय कोण? मला आजारी पडायची सोयच नव्हती. आई फोनवर म्हणायची, तुझं डोकं म्हणजे काळजीचं माहेरघर.

त्यानं डोळे तपासले. नंबर तोच होता. मग एक वही दिली. पाणी, जेवण, उजेड, मान, झोप असे रकाने, आणि शेवटी दुखल्याची वेळ. दर तीन दिवसांनी आणून दाखवायची.

पहिल्याच खेपेला बोलणी खाल्ली. लेकीच्या ताटात उरलेलं संपवणं म्हणजे जेवण नव्हे, सकाळच्या चहानंतर थेट दुपारी पाणी पिणाऱ्याचं डोकं दुखणारच, आणि अंबाडा इतका घट्ट की बघणाऱ्याचंच कपाळ ठणकावं...

"बघू नका मग," मी म्हटलं.

"प्रयत्न करतोय," तो म्हणाला, आणि काडीचा स्क्रू उगाचच पुन्हा पिळत बसला.

मी अंबाडा सैल केला. वेळेवर जेवू लागले. अर्ध्या तासानं कागदावरून नजर उचलून समोरच्या झाडाचा शेंडा बघायचा, कपाळ जड झालंच तर डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवायची — सगळं केलं. आठव्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं.

आणि माझी पंचाईत झाली. दुखणंच नाही, तर वही दाखवायला जायचं कशाला?

मग मी दुखणं लिहायला लागले. खोटं.

पाचव्या खेपेला त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. चिमणी काउंटरवर बसून एकावर एक दोन चष्मे घालत होती.

"मंगळवार, सकाळी अकरा. कपाळ ठणकतंय," त्यानं वाचलं. "मंगळवारी अकराला तुम्ही इथं होतात. हिला आजोबांसारखी जाड फ्रेम घालून हसत होतात."

मुद्रितं तपासणाऱ्या बाईची अशी ढोबळ चूक. माझे कान तापले. लपवण्यात अर्थ नव्हता.

"दुखणं गेलंय," मी म्हटलं. "पण... मला यायचं होतं."

तो हसला नाही. वही माझ्याकडे वळवून हळूच म्हणाला, "या की. त्याला दुखणं कशाला लागतं? पण हा रकाना दोन आठवडे कोरा आहे."

झोपेचा.

काय लिहिणार होते? तिचा श्वास नीट चाललाय ना, हे बघायला तासातासाला उठते, हे? "मी झोपले तर हिच्याकडे कोण बघणार?" एवढंच बोलले, आणि माझाच आवाज मला किती दमलेला वाटला.

"आज मी बघतो," तो म्हणाला. "तपासणीच्या खोलीत अंधार आहे, खुर्ची आहे. पडदा उघडाच ठेवतो, मान वळवलीत की ही दिसेल. आणि उद्याचं... उद्याही मी इथंच आहे."

मी दोनदा मान वळवली. तिसऱ्यांदा वळवायची राहून गेली.

जागी झाले तेव्हा बाहेर दोघं कुजबुजत होती. चष्मेकाकांना हळू बोलायची ताकीद मिळत होती. वही माझ्या मांडीवर उघडी होती आणि कोऱ्या रकान्यात त्याचं अक्षर होतं :

'दुपारी, पन्नास मिनिटं. आम्ही दोघं जागे होतो.'