खारट बाग

"आणखी एक गेली!" ऊर्मी ओरडली. "जास्वंदसुद्धा वाळली!"

हेरंबने कपाळावर हात मारला. चेन्नईतल्या तिरुवान्मियूरच्या त्या बैठ्या घराची बाग त्यांच्या विशालाक्षीकाकूने यंदा नव्याने आखली होती. उद्या, रविवारी, लोक तिकीट काढून ती बघायला येणार होते आणि त्यातून एन्नोरच्या दवाखान्याला दम लागणाऱ्या मुलांसाठी वाफेचं यंत्र मिळणार होतं. ते सगळ्यात जास्त हवं होतं हेरंब-ऊर्मीच्या मैत्रिणीला, जयंतीला! तिचे बाबा एन्नोरला रेल्वेत होते. तिथल्या कारखान्यांच्या धुराने तिला जिना चढला तरी खोकला यायचा. पोंगलच्या सुट्टीपुरती ती इथे राहायला आली होती.

"तुमच्याच क्रिकेटने झाडं मेली!" उमाकांतकाका गरजले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" हेरंब पुटपुटला.

"पण मग नारळ एवढा कसा तरारलाय?" जयंतीने विचारलं.

खरंच की! सगळी बाग मरत होती आणि कोपऱ्यातला नारळ मजेत डोलत होता.

"मलाही नवल वाटतं, कण्णा," काकू लाडाने म्हणाली. "दर वर्षी त्याच्या बुंध्याशी मीठ घालते. यंदा तेही राहिलं."

हेरंबने वाफ्यातल्या मातीवर धरलेली पांढरी पापडी जिभेला लावली. "थू! नुसतं मीठ!"

एवढं मीठ कुठून आलं? ऊर्मी एकदम उठली. काकांचा नवा सॉफ्टनर! बोअरचं जड पाणी मऊ करायला काका त्यात पोतंभर मीठ ओतायचे आणि रोज दुपारी खटका फिरवून तो धुवायचे.

"काका, ते धुतलेलं पाणी जातं कुठे?"

"माझ्या यंत्राला नावं ठेवायची नाहीत!"

विषय संपला! मग काका जेवायला बसताच ऊर्मीने सॉफ्टनरच्या सांडपाण्याच्या नळीत दारातल्या कोलमची, म्हणजे रांगोळीची, गुलाबी पूड ओतली. जेवण झालं, काकांनी खटका फिरवला, आणि हेरंबने त्यांना गोड बोलून बागेत आणलं.

मोगऱ्याच्या मुळाशी गुलाबी पाणी वर आलं!

"अय्यो!" काकू वाफ्यापाशी धावली.

"पण मी तर पाणी वाचवत होतो!" काकांचा आवाज चिरकला. "चेन्नईत थेंबही वाया घालवू नये, म्हणून फरशीखालून मीच नळी बागेत सोडली..."

मग काकांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "शाबास! माझ्यापेक्षा तुम्ही शहाणे."

तिघांनाही फार वाईट वाटत होतं. शाबासकी घेऊन करायचं काय?

"आता माती धुऊन काढली तर?" हेरंबने विचारलं.

काकू मुलांशी कधी खोटं बोलत नसे. "माती गोडी व्हायला एकदोन पावसाळे जातील, बाळा. वाळकी बाग बघायला कोण येणार?"

ती फाटकावरची उद्याच्या तिकिटांची पाटी काढायला गेली. मागोमाग जयंती धावली.

"यंत्रासाठी मी थांबेन की तोवर, काकू!" ती हसून म्हणाली आणि पाटीची दोरी सोडवायला हात वर केले. तेवढ्यानेच तिला ढास लागली. काकूने पाटी तशीच लोंबकळू दिली आणि तिला पोटाशी धरलं.