पाद्र्याचं पान

त्या दिवशी मी माऊला डोस द्यायला नसरापूरला गेले होते, एवढंच. माऊ माझी मुलगी, नुकती बसायला लागलेली. तिला शिंक आली तरी मी मोबाईलवर चार आजार शोधून ठेवते. तेव्हा पुढचं ऐकून तुम्ही मला वेडी म्हणालात तर राग नाही. आधी मीच तसं म्हणून बघितलंय.

आम्ही किकवीत राहतो, हायवेपासून जरा आत. माझा नवरा स्वरूप पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचा. फ्लेक्स आले नि ते काम गेलं. आता तो जुन्या विलायती चित्रांच्या हुबेहूब नकला हातानं रंगवून देतो. त्या भाद्रपदात वेल्ह्याकडच्या एका फार्महाउससाठी पाद्र्याचं चित्र केलं होतं, मूळ दोनेकशे वर्षांपूर्वीचं. काळा झगा, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या, मागे वादळी आभाळ. आणि नजर अशी, की तो तुमच्याकडे बघतच नाही, तुमच्या कडेवर काय आहे ते बघतो. रंग ओला होता म्हणून बाहेरच्या खोलीत, पाळण्यासमोर टांगून ठेवलं होतं.

नसरापूरहून परतले तर उंबऱ्यातच उदबत्तीचा वास. पाद्र्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकवाचं ठसठशीत बोट.

माझ्या सासूबाई सर्वपित्रीसाठी पासलीहून आल्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुजं वकील पणजोबा न्हवं का हे? भोरच्या कोर्टातलं? काळा झगा, गळ्याला पट्ट्या... म्हनलं, आमच्या मान्सांबरूबर त्यांचंबी पान वाढावं."

मला हसू फुटलं. माझे पणजोबा खरोखर भोरला वकील होते. पण काळेसावळे, बुटके आणि भरघोस मिशांचे.

"अहो आई, हा पाद्री आहे. इंग्रज!"

सासूबाई हसल्या नाहीत. "मंग कावळा त्याच्याच पानाला पयला कसा शिवला? आमच्यांची पानं निस्ती पडून हुती... पोरी, त्यानं पान घ्येतलं. आता त्यो हितला झाला."

स्वरूपनं हार काढला. कुंकू मात्र निघेना. ओल्या रंगात ते मुरलं होतं. त्यानं कपाळ पुन्हा रंगवलं, सकाळी कुंकू पुन्हा वर. "रंगातल्या जवसाच्या तेलाला वाळायला वेळ लागतो गं," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. गिऱ्हाइकानं कुंकू लावलेला पाद्री घ्यायला साफ नकार दिला, त्यात मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

मग माऊ गप्प झाली.

भूक लागली तरी रडेना. पाळण्यात पडून टक लावून समोर बघायची. पाजायला घेतलं की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, छाती स्वच्छ आहे, पहिलटकरणी फार घाबरतात. मी शहाण्यासारखी मान डोलावली. पण पोरीचं वजन उतरत होतं. आणि मी तिच्या टाळूला रोज खोबरेल चोळायची, तरी टाळूला वास यायचा जवसाच्या तेलाचा.

एका तिन्हीसांजेला आम्ही दोघीच घरी होतो. स्वरूप पुण्याला कॅनव्हास आणायला गेलेला, सासूबाई दळणाला. लाइट गेली. मी दिवा लावला. खोलीत टर्पेंटाइनचा वास हळूहळू दाटत गेला. बाहेर हायवेवरच्या गाड्या... कुणी दार लोटून घ्यावं, तसा त्यांचा आवाज बंद झाला.

पाळण्यातून मात्र आवाज येत होता. चुक... चुक... आणि मधेच घोट गिळल्याचा.

मी दिवा जवळ नेला. माऊ एकटीच होती. डोळे पाद्र्यावर, ओठ दूध ओढताना हलतात तसे हलत होते. तोंडाच्या कोपऱ्यात पिवळा थेंब. बोटानं टिपला, हुंगला.

तेल.

त्यानंतर मला भीती वाटली नाही. मी, जी पालीला बघून स्टुलावर चढते, ती तडक भिंतीशी जाऊन उभी राहिले.

"अहो..." मी म्हणाले. शिवी द्यायची होती, तोंडून अहो निघालं. संस्कार मेले वेळ बघत नाहीत. "अहो, आमच्या घरी जेवलात ना? वडे, खीर, सगळं? मग झालात घरचे. पण घरच्यांनी घरच्या रीतीनं राहायचं. या पोरीला पाजायचं काम माझं. तुमचं नाही, तुमच्या देवाचं नाही, माझ्याही देवाचं नाही. माझं! तोंड फिरवा..."

ज्योत त्याच्याकडे झुकली. वारा नव्हता.

"फिरवत नाही? मी फिरवते."

चौकट उचलली. एरवी मी ती एका हातानं हलवते. आता ती झोपलेल्या माणसासारखी जड लागत होती. ओल्या रंगात माझी बोटं रुतली, तरी सोडली नाही. फरफटत समोरच्या कोपऱ्यात नेली, जमिनीवर उभी केली आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून टेकवली.

माऊनं असा टाहो फोडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. गाड्यांचे हॉर्न परत आले. उचलून पाजायला घेतलं, तर ती माझ्या अंगावर अशी तुटून पडली, की दुखून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखूनच, असं मी स्वरूपला सांगितलं.

तो म्हणाला, चित्र भाटघर धरणाच्या पाण्यात सोडून येऊ. सासूबाई म्हणाल्या, "नगं, घरच्याला असं हाकलत्यात व्हय?" मीही नाही म्हणाले, पण माझं कारण वेगळं होतं. बाहेर काढला, तर तो कुठं जाऊन बसला ते मला दिसणार नाही. इथं आहे तोवर माझ्या नजरेखाली आहे.

आता मार्गशीर्ष उलटला. माऊ रांगते, किंचाळते, चावते. वजन भरलंय. सगळं ठीक आहे.

परवा झाडताना मी चित्र जरा पुढे ओढलं. मागे भिंतीवर ओल होती, तळहाताएवढी, बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीला. आतली भिंत आहे, पलीकडे ना मोरी, ना नळ. मी फडक्यानं पुसली, वर चुन्याचा हात मारला.

आज सकाळी ओल चित्राच्या कडेबाहेर, खाली सरकलेली दिसली. माऊ रांगत तिथं गेली, तर तिचं तोंड येईल तिथं.

मी तिला उचलून पाठीमागे घेतलं आणि त्या ओलीवर तळहात दाबून धरला. भिंत गार होती. ओल कोमट होती... हाताखाली ती श्वास घेतल्यासारखी जरा ओसरली, पुन्हा आली, पुन्हा ओसरली.

मी हात काढला नाही.