ताई म्हणाली, ‘सोड!’

आधीच सांगतो, हे मी कुठे वाचलेलं नाही आणि रचलेलंही नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या घरात घडलंय. असलं सगळं रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी वेळही सांगून टाकतो.

दुपारचे पावणेतीन. बुधवार. बाहेर लख्ख ऊन.

ताई घरीच पडदे शिवून देते. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. पुढे बैठक, मधे तिचं मशीन, मागे लेकीची खोली. लेक पाच वर्षांची. सगळे तिला ठमी म्हणतात.

गेल्या वर्षी भावोजींनी कुत्रा आणला. कुत्रा कसला, वासरूच! पांढराशुभ्र डोगो, पंचेचाळीस किलोचा. ही जात रानडुकरं पकडायला तयार केलेली, आणि हा एका मळ्यावर तेच काम करायचा. तिथला राखणदार थकला, मुलाकडे राहायला गेला. भावोजींनी कुणाला न विचारता हे ध्यान उचलून घरी आणलं.

ताईचा पारा चढला.

“घरात पोर आहे, आणि तुम्ही डुकरं फाडणारा कुत्रा आणलात?”

“फाडत नाही गं. नुसता धरून ठेवतो. ‘सोड’ म्हटलं की सोडतो.”

“एक महिना. माझ्या पोरीवर नुसता गुरगुरला, तरी परत.”

ठमीने त्याचा रंग बघून नाव ठेवलं, मुळा.

पहिला आठवडा ताई कापड मोजायची लाकडी पट्टी हाताशी ठेवून बसायची. मग तिच्या लक्षात आलं, की या धटिंगणाला माणसाला रेलून बसायचं वेड आहे. ती शिवायला बसली की हा येऊन असा टेकायचा, की खुर्चीच सरकायची. चपला पळवायचा, पण चपलेवर दाताचा एक व्रण नसायचा. ‘सोड’ म्हटलं की चप्पल खाली. सोबत ओंजळभर लाळ. तिसऱ्या आठवड्यात ताई त्याला शिव्या घालत घालत स्वतःच्या ताटातला घास भरवू लागली.

एकच गोष्ट तिला खटकायची.

मुळा ठमीच्या दारात बसायचा. पण राखण करणारा कुत्रा तोंड बाहेर करून बसतो ना?

हा... आत बघत बसायचा.

पलंगामागच्या कोपऱ्याकडे. तासन् तास.

“पाल असेल,” भावोजी म्हणाले. ताईने पलंग सरकवून पाहिलं. धूळ होती आणि ठमीची हरवलेली क्लिप होती. पाल नव्हती.

त्या बुधवारी ठमीला ताप होता. औषध घेऊन ती झोपली होती. भावोजी कामावर. ताई मशीनवर.

दोरा तुटला. मशीन थांबलं.

आणि तिला जाणवलं... घरात अगदी शांत आहे.

मुळ्याचं घोरणं ऐकू येत नव्हतं. ठमीच्या खोलीतला पंखा चालू होता, पण त्याचा आवाज नव्हता.

मग ठमीच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं.

ताई धावली.

मुळा पलंगाशी उभा होता. चारही पाय रोवलेले. मान ठमीच्या उशीवर झुकलेली. जबडा आवळलेला, पण पूर्ण मिटलेला नव्हता. दातांमध्ये मनगटाएवढी फट होती.

त्या फटीत... काहीच नव्हतं.

त्याचं सगळं अंग थरथरत होतं. नखं फरशीवर खरखरत पुढे सरकत होती. कुणीतरी त्याला ओढत होतं.

हे सगळं ताईला नंतर आठवलं. त्या क्षणी तिला दिसले फक्त दात, आणि दातांखाली तिची झोपलेली लेक.

“सोड!”

मुळ्याने डोळे तिच्याकडे वळवले. सोडलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

“मुळ्या, सोड म्हटलं ना!”

तो केविलवाणा कण्हला. ताईकडे बघितलं.

आणि सोडलं.

पंख्याचा आवाज परत सुरू झाला.

ताई दारातच होती. तिच्या दंडाला काहीतरी घासून गेलं... ओलं आणि कोमट. मागे फिरून पाहिलं, तर कुणी नव्हतं.

ठमी तशीच झोपलेली. अंगावर ओरखडा नाही. कपाळाला हात लावला, तर तापही उतरलेला.

संध्याकाळी ताईने मळ्यावरच्या त्या राखणदाराला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तोंडात काय होतं त्याच्या?”

“काहीच नव्हतं, काका.”



“उगाच नाही धरत तो. काय धरलंय ते बघितल्याशिवाय सोड म्हणायचं नसतं, बाई.”

“मग आता परत धरायला सांगू का?”

“नाही धरणार. ज्याला एकदा सोड म्हटलं, त्याच्या वाटेला तो पुन्हा जात नाही. मीच तसं शिकवलंय त्याला. आता नुसता आडवा उभा राहील.”

तेव्हापासून मुळा ठमीच्या खोलीत झोपतो. अगदी गाढ. कोपऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

पण ताई दाराशी आली, की तो उठतो.

तिला बघून शेपूट हलवतो. मग त्याची नजर... तिच्या खांद्यामागे जाते.

शेपूट थांबतं. आणि तो पलंगासमोर आडवा उभा राहतो.

डॉक्टर झाले, आणखी कोण कोण येऊन गेले. घर बदललं. नव्या घरातही तेच. भावोजी म्हणाले, कुत्रा परत देऊ. ताई त्यांच्यावर अशी काही ओरडली, की मला फोनवर ऐकू आलं.

“तो गेला तर मधे कोण उभं राहणार?”

सात महिने झाले. ताईने लेकीला जवळ घेतलेलं नाही. ठमीची वेणी भावोजी घालतात, वाकडीतिकडी. गोष्ट ताईच सांगते, पण दाराबाहेर उभी राहून.

परवा मी गेलो होतो. ठमीने पांघरुणातून हात बाहेर काढले.

“आई, आज तरी ये ना आत. नुसती एक पापी.”

ताईचा पाय उचलला गेला. मी पाहिलं. मग तिने चौकट घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तिने हलू दिला नाही.

“मुळ्या,” ती म्हणाली, “मला आत येऊ देऊ नकोस.”