जरा उजेड खाली घे

पहिल्या संध्याकाळी त्याने डिपर दिला, तेव्हा मी मनातल्या मनात त्याचं भलं चिंतलं. आमच्याकडे समोरच्याने दिवे फडफडवले की त्याचा अर्थ एकच... पुढे पोलीस उभे आहेत, सांभाळ. सात पिढ्यांचं वैर असलं तरी रस्त्यावर हा इशारा कुणी चुकवत नाही. मी लगेच मोटरसायकलचा वेग कमी केला, हेल्मेटचा पट्टा चाचपला आणि तो सगळा घाट मिरवणुकीतल्यासारखी हळूहळू उतरले. खाली ग्रेवेना शहर येईपर्यंत पोलिसाची टोपीसुद्धा दिसली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तोच दुधाचा टँकर, तेच वळण, तोच डिपर. पुन्हा मी शहाण्या मुलीसारखी रांगत खाली. पुन्हा कुणी नाही.

तिसऱ्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. संत निकोलसाच्या देवळीपाशी रस्ता जरा रुंद होतो, तिथे मी हात दाखवून टँकर थांबवला. ड्रायव्हर खाली उतरला. उंच, थोडासा पोक काढून चालणारा, मार्चच्या थंडीत बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. अंगाला दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास.

"कुठे आहेत पोलीस?" मी विचारलं.

"पोलीस?" त्याने दचकून मागे पाहिलं. "कुठे?"

"तेच विचारतेय मी! तीन दिवस तुम्ही डिपर देताय आणि मी गोगलगायीसारखी घरी जातेय."

त्याने डोळ्यांवर हात धरला. "अहो बाई, पोलिसांचं काही नाही. तुम्ही माझे डोळे फोडताय! पहिल्या दिवशी मला वाटलं, विमानच उतरतंय अंगावर."

"ते जादा दिवे आहेत. मी स्वतः बसवलेत," मी म्हटलं. "व्हिडिओ बघून."

"दिसतंय ते."

"काय दिसतंय?"

"काहीच दिसत नाहीये हो, तेच तर सांगतोय. आधी बंद करा ते!"

मी बंद केले. एकदम अंधारलं. देवळीतल्या वातीपुरता उजेड उरला, आणि त्यात हळूहळू त्याचा चेहरा दिसू लागला... चिडलेला नव्हताच तो. हसू दाबत होता. मला वाटलं, दिवे जरा लवकर बंद करायला हवे होते.

मी एवांथिया. वरच्या गावांतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे, खांदे, कंबरा हलत्या ठेवणं हे माझं काम. सकाळी मोटरसायकलवरून वर जायचं, संध्याकाळी खाली यायचं. माझ्या जुन्या गाडीचा मूळ दिवा म्हणजे मेणबत्ती. वाटेत धुकं, शेळ्या, आणि अस्वलाचं चित्र काढलेल्या पाट्या. म्हणून मी ऑनलाइन सर्वांत मोठ्ठे, सर्वांत पांढरे एलईडी दिवे मागवले आणि थेट हँडलवर ठोकले. उजेड पडायचा हे खरं... पण रस्त्यावर कमी आणि आभाळात जास्त.

त्याचं नाव झीसिस. रोज संध्याकाळी तो चीज कारखान्यासाठी मेंढपाळांचं दूध गोळा करायला वर निघायचा, त्याच वेळी मी खाली यायचे.

"शनिवारी दुपारी रिकाम्या आहात?" त्याने विचारलं. "नवे दिवे घेऊ. नाहीतर एक दिवस मी दुधासकट दरीत जाईन आणि सगळ्या चीजचं बिल तुमच्या नावावर लागेल."

दुकानात आम्ही नवरा-बायको पडदे निवडताना भांडतात तसे भांडलो. मला लांब झेप घेणारा, भाल्यासारखा सरळ उजेड हवा होता. त्याचं म्हणणं, वळणावळणाच्या रस्त्याला भाला काय कामाचा? पसरट हवा, दोन्ही कडा दाखवणारा.

"आणि पिवळा," तो म्हणाला. "पांढरा उजेड धुक्यावर आपटून परत तोंडावर येतो."

ते मला माहीत होतं. धुक्यात शिरले की माझ्यासमोर धुतलेली चादर वाळत घातल्यासारखी दिसायची. पण इतक्या लवकर हो म्हणायची माझी तयारी नव्हती.

"पिवळ्यात माझी गाडी रस्ता दुरुस्तीवाल्यांची दिसेल."

"छान दिसेल." मग घाईघाईने, "म्हणजे... गाडी."

"पण अस्वल लांबूनच दिसायला नको?"

"अस्वलाला तू लांबून दिसलीस की पुरे. तेच बिचारं पळेल." 

मी 'तुम्ही'ची 'तू' कधी झाले, ते कळलंच नाही. मीही दुरुस्त केलं नाही.

गाडीच्या छोट्या इंजिनाला झेपतील असे कमी वॅटचे दोन दिवे घेतले. मुठीएवढेच, पिवळ्या काचेचे. दुकानातली बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "दोघांना शोभतील." आम्ही दोघंही बिलाकडे बघत राहिलो.

रविवारी दुपारी चीज कारखान्याच्या अंगणात दिवे बसवले. मी आधीच सांगून टाकलं, काम मी करणार, त्याने फक्त हात पुढे करायचा. तो उलट्या बादलीवर बसला आणि खरोखरच हात पुढे करून बसला. मी पाना मागितला की पाना, पक्कड मागितली की पक्कड. बॅटरीची ऋण तार मी आधी सोडवली, तेव्हा त्याने भुवई उंचावली.

"व्हिडिओत होतं," मी म्हटलं.

"चांगला होता की मग व्हिडिओ. दिव्यांच्या दिशेपर्यंत पोचलीच नाहीस वाटतं."

दिवे या वेळी खाली लावले, इंजिनापुढच्या लोखंडी गार्डवर. तार टाकीखालून नेली, वाटेत फ्यूज आणि रिले जोडला. स्विच डाव्या अंगठ्याखाली घेतला, म्हणजे समोरून कुणी आलं की बोटसुद्धा न उचलता मालवता येईल. हँडल वळवताना तार ओढली जाते का ते बघायला आम्ही दोघं एकदमच वाकलो आणि डोक्याला डोकं आपटलं.

"लागलं?"

"नाही."

लागलं होतं. पण 'हो' म्हटलं असतं तर त्याने हात लावून पाहिलं असतं, आणि मग मला पुढची तार कुठे जोडायची ते आठवलं नसतं.

अंधारून येऊ लागलं तशी गाडी कारखान्याच्या भिंतीसमोर उभी केली. मी सीटवर बसले... चालवणाऱ्याच्या वजनासकट उजेड लावायचा असतो. तो भिंतीपाशी खडू घेऊन उभा राहिला, दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली एक आडवी रेघ मारली. मग "अजून खाली... डावा थोडा आत..." असं करत करत दोन पिवळे कवडसे त्या रेघेखाली शेजारीशेजारी येऊन थांबले. तो त्या उजेडात उभा होता. खडूने पांढरी झालेली बोटं, अर्धा चेहरा सोनेरी. मी उगाचच म्हटलं, "नीट झालं का ते जरा अजून बघ ना." तोही बघत राहिला. भिंतीकडे मात्र नाही.

आणि इथेच माझा घात झाला.

दिवे इतके नीट बसले की त्याला डिपर द्यायचं कारणच उरलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तेच वळण आलं, टँकर आला, माझ्या अंगठ्याने दिवे मालवले, त्यानेही आपले खाली केले... आणि झालं. कुणी कुणाला त्रास दिला नाही. पाद्र्यांसारखे सभ्यपणे आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. केबिन अंधारी, हेल्मेटची काच ओली. हात हलवला होता का त्याने? की वायपर होता तो?

रोज तसंच. दिवसभर मी त्या वळणाची वाट बघायचे. म्हाताऱ्यांना सांगायचे, "वाकवा गुडघा... अजून... आता सरळ," आणि मनात हिशेब चालायचा, आता तो दुधाच्या टाक्या धूत असेल, आता निघाला असेल, आता पुलावर. मग ते वळण यायचं आणि एका श्वासात मागे पडायचं. पुढचा सगळा उतार नुसता फर वृक्षांचा वास आणि माझा पिवळा, समंजस उजेड. जिच्यामुळे चिडले होते, त्याच फडफडीसाठी आता जीव तुटत होता. थांबून बोलायचं? काय बोलायचं? 'दिवे उत्तम चालताहेत, आभारी आहे'?

गुरुवारी वरच्या गावातल्या पोलिक्सेनीकाकूंच्या कॉफीच्या दुकानात मी कंबर शेकायच्या पिशव्या द्यायला गेले. काकूंना घाटातल्या प्रत्येक चाकाची बातमी असते.

"दूधवाला चालला म्हणे आपला," त्या कॉफी ओतत म्हणाल्या. "सोमवारपासून खालच्या नदीकाठच्या गावांचं दूध आणणार. इथे दुसरा कुणी येईल."

"कुणी बदललं त्याला?" माझा आवाज मला अनोळखी वाटला.

"बदललं कसलं! स्वतः मागून घेतलंय. कंटाळला असेल. या रस्त्यावर आहे काय, धुकं आणि आपण." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कॉफी गार होतेय गं पोरी."

स्वतः मागून घेतलंय. ते दोन शब्द... तीन शब्द... मी रात्रभर चघळले. म्हणजे भिंतीपुढचं ते सगळं नुसती दिव्यांची दिशा होती. म्हणजे मी अजून एकदा आभाळात उजेड पाडला होता.

ऐंशी वर्षांच्या हट्टी माणसांना उठवून चालवणारी बाई मी, पण त्याला 'जाऊ नको' म्हणायला मला तोंड नव्हतं. शेवटचा दिवस शुक्रवार. काम आटोपलं, वरच्या गावाबाहेर गाडी थांबवली, पाना काढला. नट हलता हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, बोटं सोलवटली, शेवटी कट्ट करून सैल झाला, मग दुसराही. दोन्ही दिवे मी उचलून थेट ढगांकडे रोखले.

वळणावर टँकर आला. मी दिवे मालवले नाहीत.

त्याने डिपर दिला. एकदा... दोनदा... मग ब्रेक करकरले.

देवळीपाशी आम्ही दोघं उतरलो. तो माझ्या गाडीपुढे गुडघ्यावर बसला, नटावरून बोट फिरवलं.

"एवांथिया, दिशा ठरल्यावर या नटाला मी गोंद लावला होता. हादऱ्याने सैल होऊ नये म्हणून लावतात तो."

"असेल."

"हा आपोआप सैल होत नाही."

"खड्डे फार आहेत रस्त्याला."

"दोन्ही दिवे एकाच दिवशी? एकाच कोनात?" त्याने माझा हात धरून उजेडात आणला, सोललेली बोटं पाहिली. "आणि हे? हेही खड्ड्यांनी?"

मी हात सोडवून घ्यायला हवा होता. घेतला नाही.

"मला वाटलं, जाण्याआधी एकदा तरी डिपर देशील," मी म्हटलं. "स्वतः मागून घेतलास ना तो खालचा रस्ता? मग ठीक आहे... जा. पण मला सांगायचंस तरी. काकूंकडून कळावं का?"

"आज सांगणारच होतो. तूच थांबली नसतीस तर मी टँकर आडवा घालणार होतो." तो उठून उभा राहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून. "या रस्त्यावर रोज तू दिसतेस. रोज. आणि रोज तू खाली जातेस, मी वर. मी आरशात बघत राहतो, तुझा मागचा लाल दिवा एका वळणावर जातो, दुसऱ्यावर जातो... मला नको झालंय ते. खालचं दूध पहाटे उचलतात. दुपारी सुट्टी. संध्याकाळ सगळी मोकळी." त्याने घसा साफ केला. "म्हणून मागितलं. तुझ्या दिशेला जाता यावं म्हणून."

धुकं रस्त्यावर उतरत होतं. टँकरचं इंजिन घुरघुरत होतं. मला हसू येत होतं. हेल्मेट डोक्यावरच होतं ते बरं झालं.

"हे तुला दिवे बसवताना नाही सांगता आलं?"

"तू म्हणालीस, फक्त हात पुढे कर. मी पुढेच केला होता की."

वरच्या अंगाला कुणीतरी मेंढपाळ शिट्टी घालत होता. झीसिसला जायला हवं होतं, दूध वाट बघत नाही. तरी तो पुन्हा खाली बसला, माझ्या हातातून पाना घेतला, दिवे खाली आणले. आवळता आवळता थांबला. वर न बघता त्याने विचारलं...

"किती जणांसाठी लावू?"

"म्हणजे?"

"मागे कुणी बसलं की गाडी मागून दबते. उजेड वर जातो. दोघं बसणार असतील तर अजून थोडा खाली ठेवावा लागतो." पाना तसाच हातात. "सोमवारी दुपारच्या बसने मी वर येईन म्हणतो. तुझं काम सुटेपर्यंत बसेन काकूंकडे. पण संध्याकाळी खाली जायला बस नसते... आणि मी आपला उजेड खाली लावून टाकायचो, आणि तू एकटीच बसायचीस..."

देवळीतली वात वाऱ्याने हलली आणि पुन्हा स्थिर झाली. मी सीटवर बसले. थोडी पुढे सरकून बसले.

"दोघांसाठी लाव," मी म्हटलं. "आणि हेल्मेट घेऊन ये."