तोफेच्या कानावरचा अंगठा

गच्चीवरचा दिवा घालवा, असं अप्पांनी सांगितलं आणि तो घालवेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला माणूस. हुकूम सोडायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती. धाकट्या पुतणीने विचारून घेतलं, की गोष्टीत पांढऱ्या साडीतली बाई असेल तर ती आत्ताच झोपायला जाते. अप्पा म्हणाले, पोरगी आहे, पण जीन्समध्ये आहे. आणि ती भूत नाही.

मग सगळी जवळ सरकली.

गोष्ट अप्पांच्या मित्राची. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. गेट, कठडे, जिन्यांची रेलिंग, लोखंडाचं कुठलंही काम तो करायचा. उजव्या अंगठ्याच्या पोटावर ग्राइंडरने पडलेली तिरकी खूण होती. हिशेबाच्या पावतीवर अंगठा उठवला तरी माझा ओळखू येतो, असं तो फुशारकीने सांगायचा.

धक्क्याच्या रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून दोन तोफा आहेत. दीडशे वर्षांपूर्वी एका लढाऊ जहाजावर होत्या. जहाज भंगारात गेलं, तोफा शोभेला राहिल्या. दिवसा पोरं त्यांच्यावर घोडा-घोडा खेळतात, नवी जोडपी टेकून फोटो काढतात, कुणी पोहून आलेला त्यांच्या पाठीवर टॉवेल वाळत घालतो. तोंडाला लाकडी बूच आहे, तरी लोक फटीतून आइस्क्रीमच्या काड्या नि कागदाचे कप आत कोंबतातच. म्हणून वर्षातून एकदा मिस्त्रीला बोलावणं यायचं. बूच काढायचं, कचरा उपसायचा, लांब दांड्याचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून आतून फिरवायचा, ग्रीस लावायचं, बूच परत ठोकायचं. मग वरून काळा रंग.

या कामात एक रीत होती. तोफेच्या पाठीवर, मागच्या बाजूला, बोटभर भोक असतं. पूर्वी तिथून बत्ती द्यायचे. त्याला तोफेचा कान म्हणतात. ब्रश आत असेपर्यंत दुसऱ्या माणसाने त्या कानावर अंगठा दाबून उभं राहायचं. मिस्त्रीच्या वस्तादाने त्याला हे शिकवलं होतं. का, ते नव्हतं सांगितलं. मिस्त्रीला त्याच्या गड्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला, कानात वारं शिरलं की तोफ बिघडते, तुझ्यासारखी.

तर फेब्रुवारीतला शेवटचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर कुणी मोठे पाहुणे येणार होते. दिवसा गर्दी हटत नाही, म्हणून काम रात्री दहानंतर करायचं ठरलं. आणि नेमका गडी तापाने पडला.

मिस्त्रीच्या मुलीने वर्कशॉपला कुलूप लावता लावता सांगितलं, की ती येते.

घरात दोघंच. आई कधीच गेलेली. मुलगी वर्कशॉपमध्येच वाढली. शाळेच्या वयात वेल्डिंगचा चष्मा लावून फिरायची. पुढे जुन्या धातूंची निगा कशी राखायची याचंच शिक्षण घेतलं, आणि लांबच्या शहरातल्या संग्रहालयात तिला नोकरी लागली. सोमवारी निघायचं होतं. मिस्त्रीने आधी समजावलं, मग ओरडला, मग बोलणंच टाकलं. त्यानंतर दोघांचं बोलणं भांड्यांमार्फत चालायचं. त्याने ताट आपटलं की तिने झाकण आपटायचं. त्याचं म्हणणं एकच, की जिच्या हातात कसब मी घातलं तिने ते दुसऱ्याच्या दारात नेऊन का ओतावं. तिचं म्हणणं, हात माझे आहेत.

धक्क्यावर एक फ्लडलाइट लावून त्यांनी काम सुरू केलं. ती तोंडाशी, तो कानाशी. पहिली तोफ नीट झाली. दुसरीचं बूच निघायला वेळ लागला. निघालं तेव्हा आतून वास आला. ओल्या लोखंडाचा नव्हता. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा.

कुणीतरी सिगारेटी टाकल्या असतील, मिस्त्री म्हणाला. पंधरा दिवसांतलं त्याचं हे पहिलं वाक्य. मुलीला तेवढं पुरलं. दांड्याला ब्रश बसवता बसवता ती बोलायला लागली. तिने सांगितलं, की वस्तादाच्या रीतीमागे कारण आहे. तोफ उडाल्यावर आत ठिणगी राहते. नवी दारू ठासताना कानातून वारा गेला तर ठिणगी पेटते, आणि तोंडाशी उभा असलेला माणूस दांड्यासकट उडतो. म्हणून कानावर एकाचा अंगठा. लोखंड कितीही तापलं तरी त्याने तो काढायचा नाही.

“म्हणजे पुढच्याचा जीव मागच्याच्या अंगठ्याखाली,” ती म्हणाली. “या दुसऱ्या तोफेवर सरावात असंच झालं होतं, बाबा. मागच्याने अंगठा उचलला. पुढे त्याचा स्वतःचा मुलगा होता.”

“का उचलला?”

“पोळला म्हणाला. पण नंतर बघितलं तर त्याच्या अंगठ्याला साधा फोडही नव्हता.”

तिने ब्रश आत सारला. दोन्ही हातांनी, खांद्याचं वजन देऊन, त्यानेच शिकवलं होतं तसा. आणि मान वर न करता म्हणाली, “अंगठा काढू नका हं.”

नेहमीचं वाक्य. गडी असता तर मिस्त्रीच त्याला म्हणाला असता. पण ते तिने म्हटलं. सोमवारी जाणाऱ्या मुलीने. बापाला.

त्याने अंगठा ठेवला. लोखंड थंड होतं. ब्रश आत घासत होता. खर्र... खर्र...

मग त्याच्या अंगठ्यावर वजन आलं.

आधी त्याला वाटलं, हात आखडला. वजन वाढलं. नखावर काहीतरी टेकलं होतं. रुंद. खरबरीत. त्याने खाली बघितलं. स्वतःचाच हात. दुसरं काही नाही. पण नख पांढरं पडलेलं. वरून दाबल्यावर पडतं तसं.

कुणीतरी त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला होता.

मागे कुणी नव्हतं. रस्ता रिकामा. समुद्राचा आवाजही...

नव्हता.

पुढे मुलगी वाकलेली. खर्र... खर्र... कानाच्या आत, अगदी खोल, एक ठिपका दिसला. लाल. अंगठ्याच्या कडेच्या फटीतून. मिस्त्रीने नीट बघितलं. लाल.

वजन आणखी वाढलं. हाड दुखेल इतकं. दाबत होतं. दाबतच होतं...

“बाबा?” ती म्हणाली. “ठेवलाय ना?”

मिस्त्रीने हिसका दिला. अंगठा काढला.

आवाज झाला नाही. समोरच्या हॉटेलातल्या कुणीही काही ऐकलं नाही. आधी हवा कानातून आत ओढली गेली, दमेकऱ्याने श्वास घ्यावा तशी. मग तोंडाशी पांढरा उजेड. मग दांडा नव्हता. मुलगी होती. उभी होती. आपल्या बाह्यांकडे बघत होती.

इथे अप्पा थांबले. पुतणीने विचारलं नाही, की पुढे काय. तिने स्वतःचे हात मांडीखाली घेतले होते.

दांडा दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूत सापडला. निम्मा कोळसा झालेला. चौकशीवाल्यांनी लिहिलं, की कुणीतरी तोफेत फटाके कोंबले असावेत. डॉक्टरांनी दोन्ही हात कोपरांखाली काढले. कातडीत काळे कण रुतले होते. कसले, ते त्यांना सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. मिस्त्री उशाशी बसला होता.

“बाबा, अंगठा काढलात?”

“पोळला गं.”

तिची नजर त्याच्या हातावर गेली. मग म्हणाली, “दाखवा.”

मिस्त्रीने मूठ मिटली.

त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. भांडी आपटायलाही आता हात नव्हते. नोकरी गेली. तरी घर सोडून ती मावशीकडे राहायला गेली, ठरल्याप्रमाणे सोमवारीच, फक्त चार महिने उशिरा. निघताना मिस्त्री दार उघडायला पुढे झाला. तिने ते खांद्याने ढकललं.

मिस्त्रीने एकदा अप्पांना मूठ उघडून दाखवली. अंगठ्याच्या पोटावर तीच जुनी तिरकी रेघ. फोड नाही, डाग नाही. पण वर नखावर ठसा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याचा, काळा, एकेक वळण मोजता येईल असा. नख वाढायचं, मिस्त्री कापायचा, ठसा जागच्या जागी.

“तो तोफेवरचा बाप माझ्या मागे लागला नव्हता, अप्पा,” मिस्त्री म्हणाला. “तो तिला वाचवत होता. माझा अंगठा दाबून धरत होता. त्याला ठाऊक होतं मी काय करणार ते.”

अप्पांनी मित्राला सावरायला म्हटलं, की अरे, भीतीने कुणीही हात काढला असता.

मिस्त्रीने मूठ पुन्हा मिटली.

“भीती नंतर वाटली,” तो म्हणाला.

वर्ष संपायच्या आत मिस्त्री गेला. झोपेतच. त्याला शेवटचं पुसायला अप्पाच होते. त्यांनी मुद्दाम नख बघितलं. स्वच्छ होतं. तान्ह्या पोराचं असावं तसं.

पुढच्या फेब्रुवारीत तोफांचं काम नव्या रंगाऱ्याला मिळालं. त्याने दुसऱ्या तोफेला रंग दिला आणि सकाळी बघतो तर कानाच्या कडेवर, ओल्या रंगात, दोन अंगठ्यांचे ठसे. रंगारी शिव्या घालून पुन्हा रंगवून गेला. दुसऱ्या सकाळी तेच. एक ठसा रुंद, खरबरीत. दुसऱ्यावर तिरकी रेघ.

अप्पांनी मिस्त्रीच्या मुलीला फोन लावला. ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आली. संध्याकाळच्या गाडीने, रिकाम्या बाह्या खिशात खोचून. धक्क्यावर उजेड होता. तिने ठसे बघितले. चेहऱ्यावर काही हललं नाही. अप्पांना वाटलं आता रडेल. म्हणून ते म्हणाले, की बघ, तो अजून इथेच आहे, पश्चात्ताप करतोय बिचारा, बाप होता शेवटी, आता मनातून काढून टाक.

तिने अप्पांकडे असं बघितलं, की त्यांनी जीभ चावली.

मग ती वाकली. तोफेच्या कानाला तोंड लावलं. अप्पा जवळच उभे होते, त्यांना ऐकू गेलं.

“आता काढू नका हं.”

आणि सरळ उभी राहून रंगाऱ्याला म्हणाली, की अजून एक कोट मारा. जाड.

रंगाऱ्याने मारला. गाडीची वेळ झाली म्हणून ती गेली. मागे वळून बघितलं नाही.

अप्पा सकाळी उजाडायच्या आत धक्क्यावर गेले. तोफ काळी कुळकुळीत, रंग अजून चिकट. त्यांनी बॅटरी मारली.

रुंद ठसा गेला होता. दीडशे वर्षांनी कुणीतरी त्याला मोकळं केलं होतं.

कानाच्या कडेवर एकच अंगठा उरला होता. त्यावर तिरकी रेघ. आणि त्याच्या भोवतीचा रंग फुगून आला होता... फोड येतो तसा.