पहिलं बोट

निवडणुका आता फार सभ्य झाल्या होत्या. मतपेट्या पळवणं, दमदाटी, वाटली जाणारी पाकिटं या गोष्टी शाळेच्या पुस्तकात गेल्या होत्या आणि पोरं त्या वाचून हसत. मतदानाच्या दिवशी फक्त काही साध्या गोष्टी घडत. कित्येक दिवस कोरड्या असलेल्या नळाला नेमकं सकाळी पाणी येई. सुनेचे आईवडील न कळवता येऊन टेकत. रखडलेला दाखला आजच घेऊन जा, असा कुणाला निरोप येई. माणूस म्हणे, जाऊ दुपारून. दुपारी डोळा लागे, आणि संध्याकाळी केंद्राचं दार बंद झालेलं असे. नळाला पाणी सोडणं हा काही गुन्हा नव्हे, त्यामुळे कुणावर खटला भरायचाही प्रश्न नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी होतं अडसरशास्त्र, आणि त्याच्या मुळाशी होत्या नागपूरच्या डॉ. मालविका देवपुजारी.

लोक मत का देतात, यावर समाजशास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं खपवलं होतं. मालविकाबाईंनी प्रश्न उलटा केला. ज्याला मत द्यायचं आहे तो घरी का राहतो? गावोगावच्या ओट्यांवर बसून, चहा पिऊन त्यांना जे उत्तर सापडलं ते अगदीच क्षुल्लक होतं. ठाम मतांची माणसंसुद्धा बारीकसारीक गोष्टींनी अडतात, आणि कोण कशाने अडेल हे आधी सांगता येतं. माणसाच्या रोजच्या सवयींवरून, फोनवरून, खरेदीवरून संगणक त्याचा ‘अडसरांक’ काढू लागला. या माणसाला घरी बसवायला किती जड कारण लागेल, त्याचं ते माप. पाऊस हलका, पाहुणा त्याहून जड, आजारपण आणखी जड. सगळ्यात जड निघाली शंका. पाहुण्याला बसवून माणूस मत द्यायला जातो. पण मनात शंका घुसली, की तो उंबऱ्यावरून हलत नाही. हा निष्कर्ष बाईंनी परिषदेत वाचला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

बाईंचा हेतू चांगला होता, हे मान्य करायलाच हवं. अडसर कळले की ते दूर करता येतील, म्हाताऱ्यांना गाडी पाठवता येईल, असं त्यांना मनापासून वाटे. ज्याला अडसर काढता येतो त्याला तो घालताही येतो, हे एवढ्या शिकलेल्या बाईला सुचलं नाही. कंपन्यांना मात्र पहिल्याच वाचनात सुचलं.

टेंभुरटोल्याला त्या दिवशी ग्राममत होतं. गावचा जुना तलाव पाण्याच्या एका कंपनीला द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. गाव निम्मं निम्मं फुटलेलं. पारडं होतं ढिवरटोलीच्या हातात, कारण तलावातल्या मासोळीवर जगणारी ती वस्ती एकजात विरोधात होती. तलाव गेला की जाळी खुंटीला टांगून ढिवरांनी शहराची वाट धरायची, हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक होतं.

ढिवरटोलीची एक रीत होती. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई आधी मत देऊन येई, तलावाच्या पाळीवर उभी राहून शाईचं बोट वर करी, आणि मगच बाकीच्या बायका निघत. कधीकाळी नवऱ्यांनी आपापले पक्ष धरून घरोघरी भांडणं केली, तेव्हा बायकांनी आपसात ठरवलेली ही गोष्ट. मालविकाबाईंना ती इतकी आवडली, की त्यांनी आपल्या शोधप्रबंधात तिच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि अशा व्यक्तीला ‘खुंटमतदार’ असं नाव दिलं. खुंट म्हणजे ज्याला सगळ्यांची दावी बांधलेली असतात तो. प्रकरणात वस्तीचं नाव होतं, रीत होती, म्हातारीचा, म्हणजे फुलवंता आजीचा, फोटोसुद्धा होता.

सकाळी बाईंना हेरंबचा फोन आला. हेरंब त्यांचा जुना विद्यार्थी, आता तलाव मागणाऱ्या त्याच कंपनीत नोकरीला. आवाज दबलेला होता.

“मॅडम, टेंभुरटोल्याच्या फुलवंता आजीचा नातू समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला आहे. कित्येक वर्षं रजा नव्हती त्याला. आजची मिळालीय. मिळवून दिलीय. तुम्ही जा.”

पोराची सद्‌सद्विवेकबुद्धी जागी आहे, या विचाराने बाईंना भरून आलं. त्यांनी तशीच गाडी काढली.

ढिवरटोलीत त्या पोचल्या तेव्हा फुलवंता आजी दिघोरे नवं लुगडं नेसून अंगणात उभी होती. चुलीवर झिंग्यांचा रस्सा रटरटत होता. बायका कुंपणाशी जमल्या होत्या.

“या मॅडम, बऱ्या वक्ताले आल्या!” आजी म्हणाली. “माहा लोमेश येऊन राहिला. दुपारची बस हाय त्याची. मी म्हनलं, येतो तं येऊ दे, दार उघडंच हाय. पहिले तलाव, मंग नातू.”

इथे बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याला एखादी गोष्ट कळलेली असते, त्याला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

“आजी, थांबा. लोमेशची रजा त्याची नाही. ती कंपनीने मिळवून दिलीय. तुम्ही घरी राहावं म्हणून.”

आजीला आधी कळेचना. बाईंनी समजावून सांगितलं. अडसर म्हणजे काय, तो कसा मोजतात, कसा घालतात. शिकवण्यात त्या चांगल्याच होत्या. आजी ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसली.

“माहा लोमेश त्यांच्या सांगन्यावरून येऊन राहिला?”

“त्याला कदाचित माहीतही नसेल.”

“कदाचित म्हंजे?”

“म्हणजे... ते मला नाही सांगता येत.”

“मंग तोच सांगन. त्याले इचारल्याबिगर मी हलत नाई.”

“आजी, सहाला केंद्र बंद होईल! हेच हवंय त्यांना. तुम्ही आधी मत द्या.”

“कसं देऊ, मॅडम? माह्या नातवाले इकत घेतला का नाई, हे ठाऊक नसताना कोनत्या मनानं बटन दाबू?”

बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणाच्या नळाला आज पाणी आलं होतं, कुणाचा भाऊ न सांगता आला होता. ज्या त्या घरावर नजरा जाऊ लागल्या. शेजारची दुरपता वलथरे पुढे झाली.

“अन्‌ मॅडम, तुम्हाले कोनं धाडलं?”

“मला? मला कुणी कशाला धाडेल? माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो...”

“तो कोठं राह्यते कामाले?”

हेरंबला त्यांच्या शोधप्रबंधातलं पान न् पान पाठ होतं. पाहुणा हलका आणि शंका जड, हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. आणि आपल्याला एखादी गोष्ट कळली की आपण ती सांगितल्याशिवाय राहणार नाही, हेही त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? की पोराने खरंच मनापासून फोन केला होता? दोन्हींतलं काय खरं, ते ठरवायचं कुठलंही साधन त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

“आजी, मी चुकले. मी बोलले ते विसरा. चला, मी तुम्हाला हात धरून नेते,” त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. आता त्यांचा हात कोण धरणार? आजी हलली नाही, आणि आजीचं बोट वर झाल्याशिवाय दुसरं कुणी हलणार नव्हतं. तरण्या सुना जाऊ म्हणाल्या, तर सासवांनी विचारलं, तुले एवढी घाई काहून? भांडणं लागली. रस्सा करपला. शाळेवरचा सहाचा भोंगा झाला तेव्हा ढिवरटोलीतल्या एकाही बाईच्या बोटाला शाई नव्हती, आणि नुसत्या पुरुषांच्या मतांवर तलाव राहणार नव्हता.

बस उशिरा आली. लोमेश पिशव्या सांभाळत धावतच अंगणात शिरला आणि आजीच्या पायांवर वाकला. आजीने पाय मागे घेतले.

“तुले कोनं धाडलं?”

तो हसला. आजी थट्टा करतेय असं त्याला वाटलं. “कोन धाडन वो? तुही आठवन आली, रजा भेटली, आलो.”

आजीने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ज्या पोराला तिने आईमागे वाढवलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर ती काहीतरी शोधत राहिली. ते तिला सापडेना. मग ती मालविकाबाईंकडे वळली.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमच्या मशिनीले इचारा ना, हा खरं बोलून राहिला का.”