थट्टेच्या नात्यातले आंबे

मी शिडीच्या वरच्या पायरीवर होते आणि खालून कोणीतरी माझे आडनाव विचारले.

नाव नव्हे, आडनाव. आमच्याकडे माणसाची ओळख तिथूनच सुरू होते. पानांच्या दाट हिरव्या अंधारातून मला केवळ उन्हाने विटलेली एक टोपी आणि वर केलेली हनुवटी दिसत होती.

"न्जाय," मी म्हणाले.

खालून एक मोकळे, प्रसन्न हसू आले.

"न्जाय! म्हणजे माझी दासीच माझ्या झाडावर चढून बसलीय. मी जोप. सकाळपासून उपाशी आहे. उतर खाली, भात टाक."

"जोप?" फांदीला तार गुंडाळत मी म्हटले. "तरीच! वारा नसताना ही पानं का थरथरतायत कळत नव्हतं. मालक आलाय होय... भातचोर!"

जोप आणि न्जाय यांचे हे थट्टेचे नाते किती पिढ्यांचे आहे, ते कोणालाच ठाऊक नाही. ही दोन आडनावे बाजारात भेटोत, दवाखान्यात भेटोत की मयताच्या घरी. एकाने दुसऱ्याला दास म्हणायचे, दुसऱ्याने त्याला अधाशी म्हणायचे, आणि दोघांनीही हसायचे. या नात्यात सगळे माफ असते. रागावणे तेवढे माफ नसते.

मी खाली उतरले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी नुकत्याच टांगलेल्या प्लास्टिकच्या बाटलीकडे तो अशा कुतूहलाने पाहत होता, जणू त्याच्या झाडाला एका रात्रीत निराळेच फळ धरले होते.

"हे काय आहे?"

"सापळा. फळमाशीचा. आत एक वास असतो, नर माश्यांना ओढून आणणारा."

"फक्त नरांना?"

"फक्त नरांना."

"आणि आत गेल्यावर काय मिळतं त्यांना?"

"मरण."

"तरी जातात?"

"जोपांचे लांबचे भाऊ असावेत," मी म्हणाले. "वास आला की अक्कल बाहेर टांगून आत शिरतात."

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले. हसताना त्याचा डावा डोळा किंचित आधी मिटत असे. मी हे पहिल्याच दिवशी का टिपले, कोण जाणे... माझे काम माश्या टिपण्याचे होते.

त्याचे नाव उसेनू. केर दियाल गावच्या बागायतदारांनी संघ उभा केला आणि तरुण म्हणून, शिवाय फ्रेंच बोलतो म्हणून, त्याला प्रमुख नेमले. तोवर इथले आंबे रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकले जात, नाहीतर राजधानीतला, डाकारचा व्यापारी झाडावरच सौदा करून नेत असे आणि पेटीवर स्वतःचे नाव छापत असे. मग युरोपातल्या काही देशांच्या मदतीतून एक प्रकल्प आला. त्या मदतीतून फळे धुण्या-निवडण्याची शेड झाली, शीतगृह झाले, सापळे आले आणि सापळ्यांच्या मागोमाग मी आले, थियेस शहरातल्या कृषिविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली सोखना न्जाय. गावाने स्वतःच्या नावाने पहिला कंटेनर समुद्रापार धाडावा, एवढ्यासाठी ही सारी जुळवाजुळव होती.

उसेनूला प्रश्न पडत. सतत पडत. फांदीवर बसून, क्रेट उचलताना, चहाच्या पेल्यात फुंकर घालताना... माझ्या फेरीचा दिवस असला की तो एक तरी प्रश्न राखून ठेवत असे.

"मला सांग न्जाय, तिकडे आंबा कसा खातात?"

"अर्धा कापतात. चमच्याने खातात."

"चमच्याने! मग रस कोपरापर्यंत येतो कधी?"

"येत नाही."

"मग खाल्ला कशाला?" तो खरोखर दुःखी झाला होता. जरा वेळाने म्हणाला, "आमचा आंबा त्यांना हवा. त्यात माशी नको. आणि ती काढायचे पैसेही तेच देणार. यात त्यांना काय मिळतं?"

"काही भलेपणा, काही हिशोब. मलाही नीटसं कळलेलं नाही."

"म्हणजे न्जायांनाही न कळणारं काही असतं!"

"असतं. जोपांना इतका भात कुठे मावतो, तेही अजून कळलेलं नाही."

न्देला आत्या, म्हणजे उसेनूच्या वडिलांची धाकटी बहीण, शेडमधल्या बायकांची मुकादम होती. चहाची किटली उंच धरून पेल्यात धार सोडता सोडता ती वैतागे. "या दोघांच्या भांडणांनी माझे कान किटले. एकदाचं लग्न तरी करा, नाहीतर गप्प तरी बसा."

सगळ्या हसत. आम्हीही हसत असू, इतरांपेक्षा अंमळ अधिकच. थट्टा हे मोठे सोयीचे घर असते. त्याला खूप दारे असतात आणि प्रत्येक दारातून निसटता येते... मी त्याच्या टोपीला नावे ठेवी, कारण टोपीखालच्या डोळ्यांविषयी काही म्हणता येत नव्हते. तो माझ्या शिडीची टवाळी करी आणि मी चढले की तिचे पाय मात्र घट्ट धरून उभा राही.

एक गोष्ट मी आत्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती. प्रकल्पाच्या प्रमुखांनी मला बोलावून म्हटले होते, "पहिला कंटेनर सुखरूप पोचला की केर दियाल स्वतःच्या पायावर उभं राहिलं असं धरू. मग तू दक्षिणेला, कासामान्सला. तिथल्या बागा वाट बघतायत. आणि माल नाकारला गेला, तर आणखी एक वर्ष इथेच शिकवावं लागेल." मदतीचे यश हेच असते की एक दिवस तिची गरज उरत नाही. हे मी विद्यालयात शिकले होते, त्यावर परीक्षेत लिहिलेही होते. त्या वाक्याने छातीत दुखते, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

त्या वर्षी पाऊस आपली वेळ चुकवून आधीच आला. पहाटे एकच जोरदार सर कोसळली, वाळू काळी झाली आणि बागेवर ओल्या मातीचा जड वास पसरला. पाऊस म्हणजे माशी. मी धावतच फेरी सुरू केली. पश्चिमेकडच्या बाटल्या जवळपास रिकाम्या होत्या. पूर्वेकडे मात्र कुंपणापलीकडे एका परगावी राहणाऱ्या मालकाची बाग होती. तिथली पडलेली फळे महिनोन्महिने कोणी उचलत नसे. त्या बाजूच्या बाटल्या तळापासून काळ्या झाल्या होत्या.

आणि पूर्वेकडची फळे आदल्याच दिवशी उतरवून शेडमध्ये गेली होती.

जिथे इतके नर, तिथे माद्याही असणारच. मादी सालीला टोचते, ते टोचणे सुईच्या अग्राइतके. आतली अंडी फुटेतोवर फळ देखणेच दिसते. अळी चालू लागेल तेव्हा कंटेनर समुद्रावर असेल. पलीकडच्या बंदरात एका फळात एक अळी सापडली, की सारा माल नष्ट आणि केर दियालचे नाव खराब. पुढच्या हंगामात पुन्हा तोच डाकारचा व्यापारी, तोच रस्त्याकडेचा ढीग.

माश्यांनी भरलेली बाटली हातात घेऊन मी उभी होते. काही बोललेच नाही तर... माल परत येईल आणि मी इथेच राहीन. पुन्हा शिडी, पुन्हा ते प्रश्न, एक अख्खे वर्ष. तो विचार आला. आला आणि माझ्या शेजारी थोडा वेळ उभाही राहिला. मग मी शेडकडे धावत सुटले.

शेडमध्ये सणासारखी धांदल होती. फळे धुतली जात होती, पेट्यांवर गावाचे नाव चिकटवले जात होते, आणि दाराशी कंटेनर तोंड उघडून उभा होता.

"जोप, थांब," मी धापा टाकत म्हणाले. "पूर्वेकडची फळं भरू नकोस."

"ऐका!" त्याने सगळ्यांना आवाज दिला. "न्जायला माझे आंबे स्वतःच गिळायचेत!"

शेड हसली.

"खरंच सांगतेय. त्यांत माशीची अंडी आहेत."

"काल म्हणालीस, माझ्या टोपीत आहेत!"

पुन्हा हशा. आणि मला कळून चुकले की थट्टेच्या, स्वतःच बांधलेल्या त्या घरात मी कोंडले गेले आहे. जोपला न्जायने सांगितलेले संकट म्हणजे आणखी एक टवाळी. आवाज चढवला असता तर अभिनय छान वठला म्हणून टाळ्या पडल्या असत्या, आणि रडले असते तर न्जाय भातासाठी रडतेय म्हणून सगळी हसली असती. बायकांचे हात थांबले नव्हते. पेट्या आत जात होत्या.

मी त्याच्या अगदी जवळ गेले.

"उसेनू," मी म्हणाले.

इतक्या महिन्यांत मी त्याला नावाने कधीच हाक मारली नव्हती. त्या एका हाकेत मी माझी सगळी दारे लावून घेतली, निसटायला एकही ठेवले नाही. त्याचे हसू ओठांवरच विरले. हातातली पेटी त्याने सावकाश खाली ठेवली आणि तो माझ्याकडे बघत राहिला... जसे पहिल्या दिवशी त्या बाटलीकडे बघितले होते, तसेच.

"थांबवा," तो वळून म्हणाला. "पूर्वेकडचं सगळं बाहेर काढा."

"अरे, वेड लागलंय का?" आत्या उसळली. तिने एक आंबा त्याच्या नाकाशी धरला. "बघ! कुठे दिसतोय डाग? अर्धा कंटेनर रिकामा धाडणार? पुरावा काय आहे तुझ्याकडे?"

"तिने मला नावाने हाक मारली, आत्या."

आत्याने आंबा खाली घेतला आणि पहिली पेटी स्वतःच बाहेर ओढली.

रिकाम्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न उरला. शेजारच्या म्बायेन गावात मी त्याच आठवड्यात फेरी मारली होती. तिथले सापळे स्वच्छ होते आणि फळे उतरवलेली होती, पण कंटेनर भरण्याइतकी नव्हती म्हणून रस्त्याकडेच्या ढिगात जायच्या बेतात होती. "तुझ्या कंटेनरमध्ये दुसऱ्या गावाचं नाव चालेल का?" मी विचारले. उसेनूने गाडीची चावी खिशातून काढली. "नाव जाड अक्षरांत आमचंच राहील," तो जाता जाता म्हणाला. दिवस कलण्यापूर्वी कंटेनरची दारे बंद झाली. पेट्यांवर दोन गावे होती, दोन्ही सारख्याच अक्षरांत.

बाजूला काढलेली फळे कोपऱ्यात पिकत राहिली. काही दिवसांनी न्देला आत्याने त्यांतला सर्वांत देखणा आंबा कापला आणि फाक माझ्यासमोर धरली. केशरी गरात बारीक पांढरी हालचाल होती. मी काही म्हणायच्या आत तिने चहाच्या शेवटच्या, सर्वांत गोड फेरीचा पेला माझ्या हातात दिला.

पलीकडच्या बंदरातून निरोप आला, माल स्वच्छ. गावात ढोल वाजले. मला दक्षिणेला जाण्याचा आदेश मिळाला.

थियेसच्या स्थानकावर सात जणांची जुनी गाडी भरायची वाट बघत उभी होती. सहा जागा भरल्या होत्या. सातवा मिळाल्याशिवाय गाडी हलत नसते. मी खिडकीशी बसले होते. आज काओलाकला वडिलांच्या घरी मुक्काम आणि उद्या पुढे. उसेनू खिडकीबाहेर उभा होता. सदऱ्यावर आंब्याच्या चिकाचे काळे डाग होते. तो सरळ बागेतूनच आलेला दिसत होता.

"आत्याने सांगितलं," तो म्हणाला. "कंटेनर पोचला की तू जाणार, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि परत आला असता, तर?"

"तर आणखी वर्षभर तुझ्या माश्या मोजल्या असत्या."

"मग... सांगितलंस कशाला?"

मी खिडकीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसली. "तू विचारत बसला असतास, आंबे परत का आले म्हणून. दर पावसात विचारलं असतंस. आणि तुझ्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला मला जमलं नसतं."

"एकच जागा! काओलाक! एकच जागा!" ड्रायव्हर ओरडत होता. एक माणूस पिशवी घेऊन दाराशी आला. उसेनूने त्याच्या कानात काहीतरी सांगितले आणि तो हसत मागे फिरला. दुसरा आला, तोही फिरला.

"ए, माझी गिऱ्हाइकं पळवतोस काय रे!" ड्रायव्हर खेकसला.

"अगं पोरी," मागच्या बाकावरची, मांडीवर कोंबडी घेतलेली म्हातारी म्हणाली, "हो म्हणायचं असेल तर हो म्हण, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. माझी कोंबडी उन्हाने मरेल."

उसेनूने टोपी काढली. मग दार उघडून तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि ड्रायव्हरच्या हातावर भाडे ठेवले.

"हे काय करतोयस? तुझी बाग—"

"आत्या बघेल. परवा तीही येईल, मागणीच्या कोलाच्या बिया घेऊन, रीतसर. आज मी नुसता तुझ्या वडिलांना भेटतो."

"तू दारात उभा राहून मागणी घालशील, आणि बाबा अंगणभर हसत सुटतील. जोपने न्जायकडे काहीही मागितलं तरी ती थट्टाच."

"मग तू बाहेर ये. आणि त्यांना सांग, की हा खरं बोलतोय."

"तू अजून मला तरी कुठे काही विचारलंयस?"

गाडी सुरू झाली. स्थानक मागे पडले, मग बाभळी, मग बाओबाबची लठ्ठ, निवांत झाडे. जगातल्या प्रत्येक गोष्टीविषयी प्रश्न पडणारा तो माणूस कितीतरी वेळ नुसता टोपी गुडघ्यावर फिरवत होता. अखेर तो माझ्याकडे झुकला आणि अगदी हळू आवाजात त्याने काहीतरी विचारले. इंजिन धडधडत होते, खिडक्या खडखडत होत्या, कोंबडी ओरडत होती... मला त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही.

मी हो म्हणाले.